अंधारी खोली मागणारे सर

१ जून १९८६, रविवार. मागच्या दोन खोल्यांचं भाडं दरमहा एकशे साठ रुपये ठरलं, विजेचे वेगळे, अनामत तीनशे वीस. हजर होतो मी, माझी पत्नी आणि खोली बघायला आलेले सर. आम्ही दोघं खाटेवर बसलेलो, ते उभे. मी खुर्ची पुढे केली तर तिच्या पाठीवर हात ठेवला, बसले नाहीत. जळगावात तोवर मी चार भाडेकरू पाहिले होते. प्रत्येकानं नळाला पाणी कधी येतं ते विचारलं, उजेड-वारा पाहिला. ह्यांचा पहिलाच प्रश्न, "यातली जास्त अंधारी कुठली?"

मी जरा ओशाळूनच आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही नवरा-बायको आपल्याच घरात दाराबाहेर ताटकळलो. बाहेर आले ते डोळे चोळत. "फटीतून थोडा उजेड येतो. कापड लावीन. घेतली."

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "माणूस बरा दिसतो, पण आत एकटा करत काय होता?"

"अंधार तपासत होता," मी म्हणालो. तेव्हा ती थट्टा होती.

ते एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि त्याच्या जोडीला पीएच.डी. करत होते. वय पस्तिशीच्या आसपास, लग्न नाही, सामान दोन ट्रंका आणि पत्र्याचे आठ ट्रे. पहिल्याच आठवड्यात त्या ट्रेंमध्ये ओलं गोणपाट पसरून त्यांनी ज्वारी पेरली, खिडकीला काळं कापड ठोकलं, दाराखालची फट चिंध्यांनी बुजवली. सहा-सात दिवसांनी पत्नी झाडू मागायला गेली तेव्हा दार किलकिलं होतं. आत वीतभर उंचीचे, पिवळेजर्द, लवलवणारे कोंब. नवरात्रात घटाखाली धान उगवतं, अगदी तसं. तिनं चपला तिथंच काढल्या आणि माझ्याकडे येऊन कुजबुजली, "अहो, सरांनी ज्येष्ठात घट बसवलेत."

ती नुसती कुजबुजून थांबली नाही. सर कॉलेजात गेल्यावर तिनं एका ट्रेवर हळदकुंकू वाहिलं. संध्याकाळी ते आले, पाहिलं, आणि तो अख्खा ट्रे उचलून आमच्या तुळशीपुढे ठेवला. रागावले नाहीत. पुढच्या वेळी पेरताना एक लहान ट्रे आमच्या दाराशी आणून दिला. "वहिनी, हा तुमचा. ह्याला काय वाहायचं ते वाहा. बाकीच्यांना हातसुद्धा लावायचा नाही."

"पण अंधारात का हो वाढवता त्यांना?"

"हिरवं व्हायला नको. हिरवं आलं की भलतीच प्रथिनं गर्दी करतात. मला चुलीतली हवीत."

ही चूल म्हणजे काय ते समजायला आम्हाला एक पावसाळा गेला. मला कळलं तसं सांगतो. ज्वारीच्या एकाच कणसात नर आणि मादी दोन्ही असतात, त्यामुळे तिचं तिचंच फळतं. संकरित बियाणं करायचं तर आई म्हणून असं झाड लागतं की ज्याला पराग धरतच नाही. मग शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या जातीचा पराग त्यावर पडतो आणि संकर होतो. अशा झाडाला नरवंध्य म्हणतात. त्याचा पराग का मरतो, हा सरांचा विषय. त्याचं कारण पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक कणांत आहे, असं जगभरचे लोक म्हणत होते. पेशीला लागणारी शक्ती ह्या कणांत तयार होते, म्हणून सर त्यांना चूल म्हणायचे.

"आणि वहिनी, ही चूल फक्त आईकडून येते. बाप देत नाही."

"आमच्याकडं काय वेगळं आहे?" पत्नी म्हणाली. "लग्नात भांडी माझ्या माहेरची. ह्यांनी सांडशीसुद्धा आणली नाही."

सरांना हसताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. हसतानाही अंगणात फिरतच होते.

बसायचं त्यांना जमत नसे. चहा बशीत ओतून उभ्यानं प्यायचे. जेवायचे ओट्याला टेकून. एस.टी.त जागा रिकामी असली तरी दांडा धरून उभे. एकदा मी त्यांना आमच्या नात्यातल्या लग्नाला नेलं, तर पंगतीत पान मांडलेलं सोडून ते वाढप्यांच्या रांगेत शिरले आणि दोन तास जिलबी वाढत होते. मुलीच्या बापानं मला विचारलं, "हे कोण पाहुणे? मुलाकडचे का?" मुलाच्या बापानंही तेच विचारलं.

ह्या धावपळीला कारण होतं. ते कण फार नाजूक. कोंब कुटले की ते बाहेर येतात, आणि उष्णता लागली की लगेच बिघडतात. म्हणून कुटण्यापासून गाळण्यापर्यंत सगळं बर्फात करायचं आणि झटपट करायचं. आता हे जळगावात, जिथं एप्रिलमध्ये नळाचं पाणी चहाला ठेवता येईल. सर पहाटे बर्फाच्या कारखान्यात जाऊन लादी घेत, भुश्शात घालून पोत्यात बांधत आणि सायकलच्या कॅरियरवर टाकून कॉलेजकडे अशी सायकल मारत की पाठीमागे रस्त्यावर पाण्याची रेघ राही. रिक्षावाले त्यांना 'बर्फवाले सर' म्हणत. एकानं सिग्नलला विचारलं, "सर, कुल्फीची गाडी कुठं लावता?" सर म्हणाले, "बाजूला हो, कण मरतायत." तो खरोखर बाजूला झाला.

गार ठेवा आणि घाई करा, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते कशालाही लावत. आमच्या गल्लीत दोन भावांचं गटारीवरून भांडण पेटलं तेव्हाही मध्ये पडून तेच म्हणाले, आणि दोघं इतके गोंधळले की भांडण थांबलं.

त्यांचा विषय मी कुणाला सांगायला नको होता, पण डाळमिलमध्ये हिशेब बघणाऱ्या माणसाला दिवसभरात बोलायला विषय तो किती असणार. एके दिवशी मिलमधल्या एका हमालाचे वडील घरी आले. दारात उभे राहून खाली मान घालून म्हणाले, "सर औषध देतात म्हणे. मुलाच्या लग्नाला सहा वर्षं झाली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर हसतील अशी भीती होती. ते हसले नाहीत. म्हाताऱ्याला ओट्यावर बसवून, स्वतः उभे राहून त्यांनी नीट सांगितलं, की बाबा, मी फक्त ज्वारीचं बघतो, पण सिव्हिल हॉस्पिटलात तपासणी होते. "आणि आबा, सुनेला आधी नेऊ नका. मुलाला न्या." म्हातारा घुटमळला. "मुलाले?" "हो. ज्वारीतसुद्धा आम्ही आधी नर बघतो."

त्यांचं काम असं चाले. कणांतली प्रथिनं वेगळी काढून ती काचेच्या दोन तावदानांमध्ये, जिलेटिनसारख्या पातळ थरात घालायची आणि त्यातून वीज सोडायची. लहान प्रथिनं पुढं धावतात, मोठी मागं राहतात. मग निळ्या रंगात बुडवलं की आडव्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक प्रथिन. अशा रेघेला सर पट्टी म्हणत. ह्या कामाला चार तास सलग वीज लागे, म्हणून ते वीज कचेरीत जाऊन आज कुठल्या भागाची बंद होणार ते विचारून येत. तिथल्या माणसानं एकदा वैतागून म्हटलं, "सर, आम्हालाच माहीत नसतं, बंद झाल्यावर कळतं." त्यांची बोटं कायम निळी. आमच्या मुलीला वाटे की ते शाईचा कारखाना चालवतात.

नरवंध्य ज्वारीत त्यांना एक जादा पट्टी सापडली होती. साध्या ज्वारीत ती नसे. त्यावरून त्यांनी प्रबंध लिहिला, की ह्याच प्रथिनामुळे पराग मरतो: पट्टी आहे तिथं पराग नाही. सात वर्षांचं काम. त्यातल्या सगळ्या तक्त्यांच्या बेरजा मी तपासून दिल्या. तीन ठिकाणी चुकल्या होत्या. त्यांनी आभार न मानता विचारलं, "तीनच? पुन्हा बघा." पुन्हा बघितल्या, तीनच होत्या. प्रबंध टंकून, बांधून तयार झाला. १९८९च्या उन्हाळ्यात तो फक्त विद्यापीठात दाखल करायचा उरला होता.

त्याच उन्हाळ्यात सोनगीरहून पत्नीचे थोरले भाऊ आले. त्यांना सगळे नाना म्हणतात. सोनगीरला त्यांची विहिरीची बागायत आहे. त्या वर्षी त्यांनी एका बियाणे कंपनीसाठी संकरित ज्वारीचा प्लॉट घेतला होता. चार ओळी आईच्या, दोन बापाच्या, असं शेत. फुलोऱ्यात कंपनीचा माणूस तपासणीला आला, तर आईच्या ओळींत पिवळाधमक पराग. नरवंध्य झाडावर पराग म्हणजे त्यात साधी ज्वारी मिसळली, असा त्यानं अर्थ काढला. उगवण कमी झाली म्हणून नांग्या भरताना, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोचताना, नानांनी घरचं बी टाकलं असणार, असं त्यानं चारचौघांत म्हटलं. अनामत जप्त होणार, प्लॉट नापास होणार. पण नानांना लागलं होतं ते वेगळंच.

"पाव्हणा," ते मला म्हणाले, "पारवर बसतो त लोके उठी जातस. भेसळवाला म्हणतस माले. मी एक दाणा टाकेल नही. माय शप्पथ."

सर अंगणात फिरत ऐकत होते. थांबून म्हणाले, "फुलोरा कधी आला?"

"एप्रिलमा. आखरीले."

"उद्या जाऊ."

सोनगीरला सर आणि मी पहिल्या गाडीनं गेलो. किल्ल्याच्या मागच्या बाजूला नानांचं वावर. सरांनी ओळींतून एक फेरी मारली, दुसरी मारली, मग ज्या कणसांना फुलं यायची होती अशी वीस आईच्या ओळींतली निवडून त्यांवर कागदी पिशव्या बांधल्या. बाहेरचा पराग आत जाणार नाही, मग आत जो दाणा धरेल तो झाडाच्या स्वतःच्या परागाचा. तीन आठवड्यांनी उघडल्या. सतरा कणसांत दाणे.

नाना पिशवीत बघून मटकन बांधावर बसले. "म्हणजे मी चोरच ठरनू ना सर?"

"म्हणजे झाडं पराग देतात एवढंच ठरलं. ही साधी ज्वारी आहे की तुमची खरी नरवंध्यच बिघडली, ते पिशवी सांगत नाही. पट्टी सांगेल." त्यांनी त्याच सतरा झाडांच्या कोवळ्या फुटव्यांचे मातीखालचे, हिरवे न झालेले बुडखे कापून थर्मासमध्ये बर्फावर ठेवले आणि मला म्हणाले, "चला. गार ठेवा आणि घाई करा." हायवेवर एस.टी. येईना तेव्हा त्यांनी कांद्याचा ट्रक थांबवला. धुळ्यापर्यंत ते कांद्याच्या पोत्यांवर उभे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून घरी आले. पत्नीनं चहा दिला. ते पायरीवर बसले. मी आणि पत्नी एकमेकांकडे बघायला लागलो. तीन वर्षांत त्यांना बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

"बरं नाही का सर?"

"नाना खरं बोलतात," ते म्हणाले. "सतराच्या सतरा झाडांत पट्टी आहे. जाड, स्वच्छ. साध्या ज्वारीत ती नसते. म्हणजे झाडं कंपनीनं दिलेलीच. उन्हानं बिघडली. पारा फार चढला आणि मेलेला पराग जगला."

"मग चांगलंच झालं की."

"हो." चहा निवत होता. "भाऊ, पट्टी आहे आणि पराग पण आहे."

मला क्षणभरानं उलगडलं. पट्टी आहे तिथं पराग नाही, ह्या एका वाक्यावर त्यांची सात वर्षं उभी होती. नानांना सोडवणारी काच आणि त्यांचा प्रबंध पाडणारी काच एकच होती. मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "कंपनीपुढं तुम्हाला प्रबंधाचं कोण विचारतंय? तुम्ही फक्त झाडं कंपनीची आहेत एवढं सांगा. ते तर खरंच आहे. प्रबंध आधी दाखल करा. पुढचं पुढं."

"एकच पट्टी आहे भाऊ. अर्धी कशी दाखवू?"

मी पत्नीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझा भाऊ आहे, म्हणून मी ह्यात एक शब्द बोलणार नाही." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच.

जूनमध्ये धुळ्याला कंपनीच्या कचेरीत समिती बसली. कंपनीचे मॅनेजर, एक कृषी अधिकारी, आणि तज्ज्ञ म्हणून विद्यापीठाचे एक प्राध्यापक. ते प्राध्यापक म्हणजे सरांचे मार्गदर्शक. हे सरांना आधीपासून माहीत होतं. मला त्यांनी एस.टी. पारोळ्याला थांबली तेव्हा सांगितलं. काचेवरचा तो पातळ थर वाळला की तडकतो, म्हणून त्यांनी तो आंबट पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून छातीशी धरला होता. अख्ख्या गाडीत वास सुटला. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, लोणचं गळतंय का?" सर म्हणाले, "गळलं तर मला हाक मारा." आणि डोळे मिटून उभे राहिले.

कचेरीत पंखा होता, पण वीज नव्हती. मार्गदर्शकांनी चष्मा काढला, काच खिडकीकडे धरली आणि बराच वेळ बघितली.

"ही पिशवीतल्या झाडांची?"

"त्याच. दाणा धरलेल्या."

"तुम्हाला कळतंय ना, काय दाखवताय?"

"हो सर."

"मग तुमचं पाचवं प्रकरण?"

"गेलं."

"सहावं?"

"ते पाचव्यावरच उभं आहे."

मॅनेजरना ह्यातलं काही उमगलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे दोष आमच्या बियाण्यात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. बियाणं बरोबर होतं. पेरणी उशिरा झाली. जानेवारीत पेरायचं ठरलं होतं, फेब्रुवारी संपताना पेरलं. त्यामुळे फुलोरा उन्हात सापडला."

"का उशिरा?"

सरांनी नानांकडे बघितलं. नाना आढ्याकडे बघत होते. "कपाशीची फरदड ठेवली होती," सर म्हणाले. "वेचणी झाल्यावर झाडं उपटली नाहीत, दुसऱ्या बहाराची वाट बघितली. वावर मोकळं व्हायला महिना गेला. जुनी पऱ्हाटी अजून बांधावर पडलीय."

नाना ताडकन उठले. "सर, तुम्ही कोना बाजूले शेतस?"

"पट्टीच्या."

"मी तुम्हले घरना समजनू! भाकर खादी तुम्ही मना घरनी!"

"नाना, चोरी केली नाहीत हे मी काचेवर दाखवलं. फरदड ठेवली हे न सांगता ते कसं पटवणार? ऊन कुठून आलं ते सांगायला नको?"

नाना पुन्हा खाली बसले. कृषी अधिकारी हळूच म्हणाले, "फरदड तर आमच्या घरीही ठेवतात." मॅनेजर त्यांच्याकडे बघायला लागले, तसे ते कागद चाळायला लागले. आणि मग नानाच हसले, आधी नाकातून, मग मोठ्यानं. "पाच मण कापूस निंघना फरदडना. तेवढासाठे बठ्ठं पीक गयं!"

समितीनं आत बसून निकाल केला. भेसळ नाही. कराराप्रमाणे वेळेवर पेरणी नाही. नानांचं नाव कंपनीच्या यादीत कायम.

सर पुढं आणखी चार वर्षं जळगावात होते. काम दुसऱ्या विषयावर नव्हे, त्याच पट्टीवर. ऊन लागल्यावर ती असूनही निकामी का होते, हा नवा प्रश्न घेतला. पदवी मिळाली त्याच वर्षी ते बदलून गेले. पत्र पाठवायची त्यांना सवय नव्हती. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मी हा धुळ्याचा दिवस सांगतो. नाना अजून सोनगीरच्या पारावर बसतात. माणसं उठून जात नाहीत. नानाच फार बोलतात, म्हणून कधी कधी जातात.

धुळ्याच्या त्या दिवशीचे व्यवहार असे झाले. बियाण्याचा भाव नानांना मिळाला नाही. सव्वाअकरा क्विंटल ज्वारी खाण्याच्या भावानं, दोनशे रुपयांनी धरली, त्याचे दोन हजार दोनशे पन्नास, आणि अनामतीचे आठशे पूर्ण परत. एकूण तीन हजार पन्नास, नानांना रोख, माझ्यासमोर. नंतर कारकुनानं साक्षीदाराचा प्रवासभत्ता काढला आणि सरांना विचारलं, "जळगाव-धुळे, जाऊन-येऊन लिहू ना?"

"येण्याचं लिहा. परतीचं नको," सर म्हणाले. बाहेर त्यांचे मार्गदर्शक जीपमध्ये वाट बघत होते. "मी आज जळगावला चाललो नाही. सरांबरोबर विद्यापीठात जातोय. प्रबंध पहिल्यापासून काढायचा आहे."

कारकुनानं एक आकडा खोडून दुसरा लिहिला. सरांना साडेतेरा रुपये मिळाले, एकेरी.